ह्यांनी डॉक्टरांना फोनवर विचारलं

“स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले. आजार ज्यांना होता ते माझे मिस्टर, दत्ता, माझ्या शेजारून म्हणाले, “सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे माझी.” मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही.

आम्ही मूळचे परभणीकडचे. हे चाकणला कंपनीत प्रेस मशीनवर होते. केमो सोसली नाही. मग पॅलिएटिव्ह केअरच्या मॅडमकडे पाठवलं. म्हणजे आजार बरा होणार नसला, तरी दुखणं, उलटी, धाप यांवर इलाज चालू ठेवायचा.

पुण्याला दवाखान्यात जाताना चाकण चौकातल्या कंटेनरच्या रांगेत गाडी अडकायची, हे आत कण्हत पडायचे. मॅडम म्हणाल्या, “मॉर्फिनच्या गोळ्या तुमचे दीर इथून नेतील. पेशंटला मी व्हिडिओ कॉलवर बघेन.” मॉर्फिन म्हणजे जबर दुखण्यावरचं औषध.

घरात रेंज नीट नव्हती. ह्यांची कॉट खिडकीशी ओढली. मॅडमनी जीभ पाहिली, पोट दाखवायला लावलं. मी म्हणाले, “खातच नाहीत. मी भरवते, तर तोंड फिरवतात.”

“ताई, भूक आजारानं गेलीय. बळजबरी नको. ओठ ओले करत राहा.”

तेवढ्यात ह्यांनीच विचारलं, “मॅडम, मी काही राहत नाही ना आता?”

मला कधी विचारलं नव्हतं. फोन माझ्या हातात होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा चेहरा दिसत होता, दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा.

“दिवस थोडे आहेत, दत्ताभाऊ. दुखणं कमी ठेवायला मी आहे. मनात काय आहे?”

“आईला मला अल्सर झालाय एवढंच सांगितलंय. कॅन्सरचं माहीत नाही तिला.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बोलावलं, खरं सांगितलं. त्या ह्यांचे पाय चोळत बसून राहिल्या.

शेवटी श्वास कसा होईल, हे मॅडमनी आधीच समजावलं होतं. घरघर लागली तेव्हा मी ॲम्ब्युलन्सला नाही, मॅडमना फोन लावला. “कुशीवर वळवा. हात धरा,” त्या म्हणाल्या. दुपारी हे गेले. आपल्या कॉटवर, आईजवळ.

तुम्हाला कुणी ‘आता काही करता येत नाही’ म्हणालं, तर पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल, फोनवर बघतील का, एवढं विचारा.

परवा मॅडमचा फोन आला. “तुम्ही कशा आहात?”

“काही कळत नाही.”

“चालेल. मी पुन्हा फोन करेन.”

ठेवल्यावर लक्षात आलं, आभार मानायचे राहिले. ते इथे मानते.