काळ्या पोटाची बातमी

चहा घ्या आधी. ही फजिती मला कोरड्या घशानं सांगवणार नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर इराण्णा मला हिप्परग्याच्या तलावावर घेऊन गेला. इराण्णा म्हणजे माझा वर्गमित्र, कापडाचा व्यापारी आणि पक्ष्यांचा वेडा. पाण्यावर पांढरट सुरय पक्षी घिरट्या घालत होते. त्यातल्या एकाचं पोट चक्क काळं! काळ्या पोटाचा सुरय आता फार दुर्मीळ झालाय, एवढं मी वाचून होतो.

"शेपटी बघ की आधी," इराण्णा म्हणाला. "त्याची लांब, कात्रीसारखी असती. हा कल्लेवाला सुरय हाय. थंडीचा पाहुणा, परत जायच्या आधी ह्याचं पन पोट काळं होतंय."

आता मला सांगा, नाव पोटावरून ठेवायचं आणि बघायची शेपटी? मी भडकलो. म्हटलं, तुमच्या असल्या घोळामुळंच सरकारचं फावतं.

पण मी जुन्या वळणाचा बातमीदार. खातरजमेशिवाय ओळ लिहीत नाही. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकलं, हिप्परग्याला काळ्या पोटाचा सुरय आलाय, कुणाला माहीत आहे का? दुपारपर्यंत तिघांचे फोन. वळसंगचे गुरुजी म्हणाले, आलाय असं कळलंय. दुधनीचे डॉक्टर म्हणाले, खबर पक्की आहे. तिसऱ्यानं तर अभिनंदनच केलं. तीन तीन सूत्रं! कळलं कुठून, हे विचारायचं तेवढं राहिलं. तिघांनीही माझाच मेसेज वाचला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ठळक मथळा: 'दुर्मीळ सुरय हिप्परग्यावर, वनखातं झोपेत!'

झोपलेलं खातं तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तलावावर हजर. पाठोपाठ पुण्याचे कॅमेरेवाले. वनाधिकारी मॅडमनी मला बोलावून घेतलं. मी चिखल तुडवत पुढं गेलो आणि ऐटीत बोट दाखवलं. त्यांनी स्वतःची दुर्बीण माझ्याच हातात दिली.

"सर, चोच कशी दिसते?"

"लाल."

"गाल?"

"पांढरे."

"आणि शेपटी?"

शेपटी आखूड. कात्री कुठली, नुसती खाच.

"कल्लेवाला आहे सर. दरवर्षी येतो," त्या म्हणाल्या. इराण्णा शेजारी उभा राहून आभाळाचा अभ्यास करत होता.

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या दैनिकातली वार्ताहर, माझ्याच हाताखाली तयार झालेली. कुणालाही सोडायचं नाही, हे मीच तिला शिकवलेलं.

"सर, सुरयाच्या बातमीबद्दल तुमची बाजू काय?"

आयुष्यभर ज्या ज्या अधिकाऱ्यांना मी धारेवर धरलं, ते सगळे त्या क्षणी माझ्या अंगात आले. घोटाभर चिखलात उभा राहून मी म्हणालो,

"मीटिंगमध्ये आहे. माहिती घेऊन सांगतो."