राखणीच्या कोंबड्याचं अळणी पाणी

मी घाटावरची. लग्न झालं तशी बोरघाट उतरून कळंबच्या बाजूला, भात पिकवणाऱ्या घरात आले. घाटात तेव्हा आगगाडी धूर सोडत चढायची, पण आम्ही पायी उतरलो. सासरी आल्या आल्या माझं नाव ‘घाटी’ पडलं. भाकरी जाड झाली तरी घाटी, उलट बोलले तरी घाटी. उलट तर मी बोलायचेच, त्यामुळे त्या नावाचा मला कधी राग आला नाही.

एका वर्षी गावातल्या कोंबड्यांना मर लागली. सकाळी खुराडं उघडावं तर निम्म्या माना टाकून पडलेल्या. बघता बघता सगळं गाव रिकामं झालं. आमच्याकडे एक तांबडा कोंबडा तेवढा वाचला आणि तोही आमचा नव्हता, राखणदाराला बोललेला होता. राखणदार म्हणजे खळ्याच्या बांधावरचा शेंदूर लावलेला दगड. भात झोडून झालं की त्याच्यापुढे राखणीचा कोंबडा द्यायचा, बाप्यांनी तिथंच शिजवायचा आणि तिथंच खायचा. बायकांनी त्याला हात लावायचा नाही. त्यातलं काही घराच्या उंबऱ्याआत न्यायचं नाही. मुंडकं, मान, पंजे आणि पोटातलं सगळं राखणदाराचं. ते बांधाखाली पुरायचं.

माझी थोरली जाऊ त्याच सुमारास बाळंत झाली होती. मुलगी झाली. मग जावेला ताप भरला. ताप उतरला, पण दूध आटलं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून पाहिलं, ते पोरीच्या पोटात राहीना. मेथ्या झाल्या, आळिवाची खीर झाली, सटवाईला नारळ झाला. पोर आधी घर डोक्यावर घ्यायची, आता तिचं रडणं ओटीवरसुद्धा ऐकू येत नव्हतं.

मला बघवत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. माझ्या आईनं घाटावर कितीतरी बाळंतिणी कशावर उभ्या केल्या, ते मी पाहिलेलं होतं. मांस बाप्यांच्या ताटात जायचं. मान, पंजे, काळीज आणि पेटा, म्हणजे कोंबडी ज्यात दाणे दळते ती जाड पिशवी, एवढं आई मडक्यात घालायची. त्याचं बिनतिखटाचं अळणी पाणी बाळंतिणीला द्यायची.

मी सासूला, आत्याबाईंना, सांगितलं, “राखणीचा कोंबडा कापतील तवा मान, पंजे आन पोटातलं तेवढं मला द्या.”

“येड लागलं का गं तुला? देवाच्या वाट्याला हात घालतेस?”

“मांस कुठं मागतेय? मातीत जाणारं मागतेय.”

“तोंड आवर,” आत्याबाई म्हणाल्या आणि पाठ करून तांदूळ पाखडायला बसल्या.

तोंड आवरलं असतं तर मी घाटी कसली? मी सरळ मामंजींकडे गेले. धाकट्या सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. मामंजी गोठ्यात होते. मी पदर कपाळापर्यंत ओढला आणि बैलाकडे बघून सगळं सांगितलं. आम्हाला काय हवंय, कशासाठी हवंय, आणि नाही मिळालं तर पोर जाईल, हेही बैलालाच सांगितलं. मामंजींनी वैरण टाकली. मग तेही बैलालाच म्हणाले, “माज्या हातात नाय. ज्याचं हाय त्याला इचारू.”

राखणीच्या दिवशी मी बांधाच्या अलीकडे उभी राहिले. मामंजींनी कौल लावला. तांदळाचा दाणा भिजवून दगडाला चिकटवायचा. उजवीकडे पडला तर देवाचा होकार, डावीकडे पडला तर नकार. मामंजींनी हात जोडून माझं मागणं सांगितलं आणि आम्ही सगळे त्या दाण्याकडे बघत राहिलो. दाणा हलेना. ऊन डोक्यावर आलं, तरी तो चिकटलेलाच.

“देव बोलत नाय,” मामंजी म्हणाले.

इथे बैल नव्हता, म्हणून मी दगडाकडेच बघून म्हणाले, “नको म्हणायचं असतं तर डावा पाडला असता की त्यानं.”

बाप्ये खाली माना घालून हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी विळा थोरल्या दिराच्या हातात दिला आणि पोटातलं वेगळं ठेवायला सांगितलं.

दीर बिचारे बायकोच्या काळजीनं आधीच निम्मे झालेले. मातीत जाणारं म्हणून दरवर्षी पोटातलं ओरबाडूनच काढायचे, तसंच आताही काढलं, आणि काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटली. हिरवं पाणी काळजावर पसरलं. ते आता कडूजहर झालं, खायच्या कामाचं उरलं नाही. दिरांनी ते तसंच माझ्यापुढे धरलं. मला असा राग आला होता की सांगायची सोय नाही. पण म्हटलं, काळीज पुरा, देवाचा वाटा देवाला पोचू द्या. उरलेलं मामंजींनी स्वतः पळसाच्या पानावर माझ्यापुढे आणून ठेवलं.

घरात न्यायचं नव्हतं, म्हणून अंगणात तीन दगड मांडले. पेटा चिरून खडे झाडले, आतली पिवळी साल सोलली. पंजे निखाऱ्यावर भाजून त्यांचं कातडं ओढून काढलं. सगळं तीनतीनदा धुतलं. आलं, मिरी आणि हळद टाकून मडकं मंद जाळावर ठेवलं. वर फेस आला तसा काढत गेले. दिवस कलेपर्यंत तिथून हलले नाही. पाणी आटून पिवळं, बोटाला चिकटेल असं झालं. पेट्याचे तुकडे आणि थोडं पाणी दुसऱ्या मडक्यात काढलं, त्याला भाजलेली तांदळाची पिठी लावून दाटसर रस्सा केला. तो दुसऱ्या दिवसासाठी.

बाळंतीण काही बाहेर येणार नव्हती, म्हणून वाडगा भरून मीच उंबरा ओलांडला. कुणी अडवलं नाही. जावेनं मात्र तोंड फिरवलं.

“देवाचं हाय ते. माज्या पोरीवर कोप झाला तर?”

मी समजावलं, मग रागावले, मग हात जोडले. ती पोरीला छातीशी घट्ट धरून मान हलवत राहिली. एवढ्यात दारात मामंजी दिसले. बाळंतिणीच्या खोलीत ते कधी पाऊल ठेवत नसत. ते आत आले. जावेनं धडपडत पदर घेतला. त्यांनी माझ्या हातातला वाडगा घेतला आणि तोंडाला लावला.

“पयला घोट माजा,” ते म्हणाले. “कोप व्हायचा तो माज्यावर व्हईल. आता पी, पोरी.”

कोपऱ्यात शेक द्यायची शेगडी घेऊन आत्याबाई बसल्या होत्या. त्या शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघतच बोलल्या.

“माजी दोन गेली. दूध आटूनच गेली. तवा बी तुमी ह्येच बांधाखाली पुरत व्हता.”

मामंजींनी वाडगा खाली घेतला.

“मला कुणी इचारलं नाय,” आत्याबाई म्हणाल्या, “आन मी बी कुणाला इचारलं नाय.”

मग त्या उठल्या, मामंजींच्या हातातून वाडगा काढून घेतला आणि स्वतः जावेच्या तोंडाला लावला. जाऊ प्यायली. वाडगा रिकामा झाल्यावर आत्याबाईंनी मला विचारलं, मडक्यात आणखी आहे का.

रस्सा संपला त्या दिवशी संध्याकाळी पोर आईच्या कुशीतून बाजूला झाली, तेव्हा तिच्या ओठाच्या कडेला दूध लागलेलं दिसलं. आत्याबाईंनी ते पदरानं पुसलं आणि पदराचं ते ओलं टोक मुठीत धरून दिवेलागण होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या.