आत्याला वाचता येत नाही म्हणून...

गेल्या आठवड्यात आमच्या गावाच्या, कोंढ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. बुद्धविहारात पंचवीस-तीस बाया बसल्यात आणि समोर शीलाताई माझी कादंबरी उघडून वाचतायत... खाली लिहिलेलं, 'पहिलं प्रकरण झालं. रोज एक.'

खरं तर मी नाचायला हवं होतं. ही कादंबरी मी स्वतःच छापली, प्रकाशकांनी साधं उत्तरही दिलं नव्हतं. दीड वर्ष झालं, भंडाऱ्याजवळ शहापूरला माझ्या खोलीत पुस्तकांची खोकी पडून आहेत आणि शाळेतले सहकारी 'वाचतो, वाचतो' म्हणत मला टाळतात. इथे अख्खा विहार ऐकत होता, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमच्याकडे वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. यंदा ग्रंथ संपला तरी बायांची जमायची सवय सुटेना, म्हणून अंगणवाडीच्या शीलाताईंनी विहाराच्या कपाटातून माझं पुस्तक काढलं. ते मीच तिथं ठेवलेलं... मोठ्या ऐटीत सही करून.

फोटोत पहिल्याच रांगेत माझी आत्या होती.

आत्याला गाव मानतं. तरुणपणी नवऱ्यानं टाकली, माहेरी आली, दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करून ताठ मानेनं जगली, एवढं सगळ्यांना ठाऊक. खरं काय ते तिनं एकदाच सांगितलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिच्याजवळ बसलो होतो तेव्हा. नवऱ्यानं टाकलं नव्हतं. तीच निघून आली होती... दोन वर्षांच्या झोपलेल्या लेकीला तिथंच ठेवून.

आणि मी ते लिहिलं. न विचारता. नाव बदललं, गाव बदललं, पण मळणीयंत्रात डाव्या हाताची करंगळी गेलेली बाई कोंढ्यात एकच आहे, आणि ती करंगळी मी तशीच ठेवली, कारण वाक्य छान जमलं होतं.

प्रकाशक असता तर कुणीतरी विचारलं असतं, बाबा रे, ही बाई जिवंत आहे का? मला विचारणारं कुणी नव्हतं. मीही मनाला समजावलं होतं, आत्याला कुठं वाचता येतं... विहारात वाचून दाखवतात हे मला, तिथंच लहानाचा मोठा झालेल्या माणसाला, सुचलंच नाही.

तिसऱ्या प्रकरणानंतर ग्रुपवर एकीचा व्हॉइस मेसेज आला, 'हे बाई तं आपल्या वत्सलाबाईवानी लागते.' वत्सलाबाई म्हणजे माझी आत्याच. खाली हसण्याचे इमोजी. लेक सोडून येण्याचा भाग नवव्या प्रकरणात होता. मी दिवस मोजायला लागलो... शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या भलत्याच फळीवर लावून ठेवायचो. आत्याला फोन करायची तर हिंमतच झाली नाही.

शेवटी शीलाताईंना फोन केला, म्हटलं नववं प्रकरण सोडून द्या, बोअर आहे. त्या म्हणाल्या, "असं कसं सोडता येईन भाऊ? बाया विचारून राहिल्या, पुढं काय होते म्हणून. तुमीच या न वाचाले."

मी गेलो. वाटेतल्या अड्याळपासून पुढे गाडी किती हळू चालवली ते माझं मलाच ठाऊक. मनात एकच बेत, मधली चार पानं गाळायची... कुणाला कळतंय?

वाचायला लागलो. ती जागा आली. मी पानं चिमटीत धरली, पलटली, आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

"दोन कागद संगं पलटले तुनं," आत्या म्हणाली. "मले वाचता येत नाही, दिसते तं."

बाया हसल्या. मी मागे आलो आणि ती पानं वाचली... सगळी. दुपार, झोपलेली लेक, हळूच लोटलेलं दार, करंगळी नसलेला तो हात. मान वर करायचा धीर नव्हता. वाचून संपलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं. शेजारची म्हातारी आत्याच्या हाताकडे बघत होती.

आत्यानं हात पदराखाली घेतला नाही. गुडघ्यावर होता तसाच राहू दिला.

"दार लोटलं म्हणून लिहिलं तुनं," ती म्हणाली. "लोटलं नव्हतं. उघडं ठेवलं होतं... लेकरू उठलं तं त्याले बाहेर येता यावं म्हणून."

शीलाताईंनी डोळे पुसले. मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण मी तसाच खुळ्यासारखा पुस्तक धरून बसलो होतो.

बाहेर निघताना चप्पल घालताघालता आत्यानं विचारलं, "लेक भेटते का तिले, पुढं?"

दीड वर्षात मला कुणी विचारलं नव्हतं की पुढे काय होतं. माझं पुस्तक असा जिवाचा कान करून ऐकणारं कुणी भेटलं, यासाठी मी जन्मभर ऋणी आहे... पण मी तिला 'उद्या कळेल' एवढंच म्हणालो आणि गाडीला किक मारली.

उद्या शेवटचं प्रकरण आहे, आणि वाचायला मीच जाणार आहे. लेक भेटत नाही, मी तसंच लिहिलंय. ते तिच्यासमोर वाचायचं बळ माझ्यात नाही... आणि भेटते म्हणून वाचलं, तर माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळेल.