पाऊण तास

दादा खोली सोडून गेला त्याला आज अकरा दिवस झाले. त्याच्या पलंगावर आता माझी पुस्तकं पसरलेली असतात. भिंतीवरचं वेळापत्रक मात्र मी काढलेलं नाही.

तो माझा सख्खा भाऊ नव्हे. आम्ही भाड्याच्या एका खोलीत तीन वर्षं राहिलो, एवढंच नातं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बसची तिकिटं काढून देणारं ॲप चालवणाऱ्या कंपनीत तो तक्रारी घ्यायचा. दिवसाचे आठ तास कानाला हेडफोन. घरी आल्यावरही कानांवरचे लाल वळ तासभर उतरत नसत. मी साहित्याची पदवी घेऊन एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. तो लोकांच्या चुका ऐकायचा, मी वाचायचो. आमचं जमलं.

वहिनी दुसऱ्या शहरात नर्स आहेत. इथून चौदा तासांचं अंतर. त्यांची नोकरी कायमची, त्यामुळे पाच वर्षांची मुलगी त्यांच्यापाशी. तिला सगळे भिंगरी म्हणतात. दादा महिन्यातून एकदा जायचा. शनिवारी सकाळी पोचायचा, रविवारी संध्याकाळी निघायचा. बाकीचे दिवस साडेसात ते सव्वाआठ फोन. त्यात गोष्ट. तो पाऊण तास कधी चुकला नाही. मजल्यावरचे लोक त्याला पाऊणतास म्हणूनच ओळखायचे.

मग त्या शहरातल्या एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरची जागा निघाली. तिथे गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने दादाचं नाव सुचवलं. मुलाखत सहा आठवड्यांनी.

"प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"ॲपमध्ये काय हवं, काय नको, हे ठरवणारा. हाताखाली कोणी नाही, पण सगळ्यांनी त्याचं ऐकावं अशी अपेक्षा."

"म्हणजे घरातला थोरला जावई."

"जावयाचं ऐकतात तरी. हा घरातला थोरला मुलगा. काही बिघडलं की याला धरायचं."

त्याने पहिला आठवडा वेळापत्रक करण्यात घालवला. चार विषय, चार रंग. नवी वस्तू कशी घडवाल, हे हिरव्यात. अंदाजाचे प्रश्न निळ्यात. आकड्यांवरून ॲपचं दुखणं ओळखणं लाल. आणि स्वतःच्या कामाचे किस्से पिवळ्यात. पट्टी लावून चौकोन आखले.

"नमनाला घडाभर तेल," मी म्हणालो.

"तू प्रश्न विचार. तुझं तेवढंच काम."

मी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून आणायचो. या शहरात रोज किती छत्र्या विसरल्या जातात? आंधळ्या माणसासाठी गजराचं घड्याळ कसं कराल? तो फेऱ्या मारत उत्तर द्यायचा. मी स्वयंपाकाचा टायमर लावून बसायचो. सात मिनिटांत उत्तर संपलं पाहिजे, असा त्याचा नियम होता.

पण वेळ पुरेना. पहाटे उठला की पुस्तकावर डुलक्या. ऑफिसातून सातला यायचा, चहा घ्यायचा, आणि साडेसातला त्याचं डोकं लख्ख चालायचं. नेमकी तीच वेळ भिंगरीची.

आठवड्याच्या शेवटी तो म्हणाला, "आमच्याकडे एक पद्धत आहे. लोक रोज जे तेच ते विचारतात, त्याचं उत्तर एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. माणूस मोकळा होतो."

"मग?"

"भिंगरी रोज एकच विचारते. पुढं काय झालं?"

मी हसलो. मला ती युक्ती आवडली होती. हे लिहायलाच हवं.

दोन रविवार त्याने गोष्टी रेकॉर्ड केल्या. खोलीत आवाज घुमतो म्हणून कपड्यांच्या कपाटात शिरून. आत शर्टांमध्ये अंग चोरून तो बसायचा, बाहेर मी टायमर घेऊन. एकेक गोष्ट पाऊण तासाची. अशा बारा. "मी आता कपाटात बसलोय बरं का," अशी प्रत्येक गोष्टीची सुरुवात. मध्येच तो भिंगरीला प्रश्न विचारायचा आणि चार सेकंद गप्प बसायचा. तिने उत्तर द्यावं म्हणून जागा ठेवायचा. तक्रारींच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढीच ठेवतात. शेवटी मी दारावर टकटक करून ओरडायचो, "पाऊण तास झाला!" तेही त्यात आलं. त्याने काढलं नाही.

"राहू दे. तेवढंच जिवंत वाटतं."

त्या महिन्याची तिकडची फेरी त्याने रद्द केली. फोन फक्त रविवारी, दहा मिनिटं. रोज साडेसातला वहिनी तिकडे एक गोष्ट लावायच्या. इकडे हिरवे चौकोन भरत गेले. तो खरंच सुधारला. छत्र्यांचं उत्तर पाच मिनिटांत द्यायला लागला.

चौथ्या रविवारी मी खोलीतच होतो. व्हिडिओ कॉल होता, स्पीकरवर. त्याने विचारलं, "काय गं भिंगरे, आज शाळेत काय केलंस?"

दादाने घड्याळाकडे पाहिलं. मग तिचा आवाज, त्याच्याशी नव्हे, आईशी. "हा बाबा नको. हा घड्याळ बघतो. कपाटातला बाबा लाव."

वहिनी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "अहो, लहान आहे ती," म्हणाल्या.

"हो हो," दादा म्हणाला. "लाव तिला."

फोन ठेवल्यावर त्याने चहाचा कप विसळला. पुसला. पुन्हा विसळला. काहीतरी बोलावं असं मला वाटलं. पदवीची तीन वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं शिकलो होतो. एकही कामी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी चिठ्ठ्या घेऊन बसलो.

"आज नाही," तो म्हणाला.

"दादा, चौदा दिवस राहिलेत."

"माहीत आहे."

त्याने वहिनींना फोन लावला. "तिला गोष्ट लाव. हा फोन नुसता समोर उभा करून ठेव. मी बोलणार नाही."

पडद्यावर भिंगरी पालथी पडून ऐकत होती. खोलीत दादाचाच आवाज येत होता, लांबून, शर्टांमधून आल्यासारखा दबका. एका जागी त्याने विचारलं, "आता त्या कासवानं काय करावं गं?" आणि चार सेकंद थांबला. भिंगरी विचार करत होती. चार सेकंद संपले. गोष्ट पुढे गेली. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं, "त्यानं ना, घरी..." आणि मिटलं.

दादा पुढे झुकला. पुढच्या प्रश्नाला त्याने टायमर हातात घेतला. त्याच्या पुढच्यालाही. सव्वाआठला माझा आवाज आला, "पाऊण तास झाला!" भिंगरी पडद्यावर म्हणाली, "बरं काका," आणि शहाण्यासारखी झोपायला गेली.

दादाने पेन घेऊन वेळापत्रकाच्या कोपऱ्यात लिहिलं : चार नाही. नऊ.

"तिला नऊ सेकंद लागतात," तो म्हणाला. "मी आठ तास लोकांचं ऐकतो. आणि हिला चारच दिले."

त्या आठवड्यात त्याने निळा आणि लाल रंग खोडून टाकले.

"अरे, विचारलं तर?" मी घाबरलो.

"येत नाही म्हणेन. दिवस काही रबराचा नाही. दोनच विषय, पण नीट."

पहाटे तो उभ्याने वाचायला लागला, म्हणजे डुलकी लागत नाही. दुपारची सुट्टी ऑफिसच्या जिन्यात. साडेसात ते सव्वाआठचे चौकोन त्याने कोरे सोडले आणि रोज त्या वेळी पडद्यासमोर बसून ऐकलं. ती त्याच्याशी बोलायची नाही. तो तिच्याकडे बघत बसायचा. माझ्या चिठ्ठ्या रद्दीत गेल्या.

मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटची तिथे जाऊन. परत आला तेव्हा मी दारातच विचारलं.

"छत्र्या विचारल्या का?"

"विमानतळावर किती बॅगा हरवतात, ते विचारलं. निळा प्रश्न. गडबडलो."

"आणि?"

"मग विचारलं, लोकांना काय हवंय हे तुम्हाला कसं कळतं."

"नऊ सेकंदांचं सांगितलंस ना?"

"नाही." त्याने बूट काढले. "बसच्या तक्रारींचं सांगितलं. ते माझं होतं."

मला राग आला. एवढा हुकमी किस्सा, आणि याने तो खिशात ठेवला. पण आठ दिवसांनी होकार आला. पत्र त्याने दोनदा वाचलं. नंतर माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, "तू मुद्रितं तपासतोस. काही चूक नाही ना?"

चूक नव्हती. तो एका बॅगेनिशी गेला. निरोप घेताना काय बोललो ते मला आठवत नाही. टायमर मात्र तो इथेच ठेवून गेला.

काल संध्याकाळी सव्वाआठच्या सुमारास फोन वाजला. दादा कुजबुजत होता.

"कुठून बोलतोयस?"

"कपाटातून."

"काय?"

"ती मला शेजारी बसू देत नाही रे. म्हणते, गोष्ट सांगायची तर आत जा. नऊ दिवस झाले, रोज आत बसतोय. तुझ्या वहिनीच्या साड्या नाकात जातात." मग आवाज बदलला. "पण आज तिने दार बोटभर उघडं ठेवलंय. स्वतःहून. मला तिचा एक डोळा दिसतोय."

मी खुर्ची ओढून बसलो.

"आणि गोष्ट संपली तरी झोपायला जात नाही. तो दारावरचा काका बोलल्याशिवाय संपली कशी, म्हणते. इतके दिवस रेकॉर्डिंगचा शेवट लावत होतो. आज म्हणाली, तो नको, खरा हवा. फोन स्पीकरवर टाकतो, बोल तेवढं."

मी टेबलावर टकटक केलं. घसा साफ केला. भिंतीवरचे कोरे चौकोन समोर होते.

"पाऊण तास झाला," मी म्हणालो.

पलीकडे कोणीच बोललं नाही. मी सेकंद मोजायला लागलो. सात. आठ. नऊ.

"काका," भिंगरी म्हणाली, "तू कुठल्या कपाटात आहेस?"