धाकूचं काम

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात, एका फडताळाची तर गोष्ट — असं मनाला समजावत आले. पण आता माझे गुडघे गेले, दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही, आणि हे झाकत बसायचाही कंटाळा आला. तुम्ही नुसतं ऐका.

कल्याणला आमच्या स्वयंपाकघरात एक सागवानी फडताळ आहे. मुळात ते फडताळ नव्हेच. रेल्वेचा एक गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा त्याच्या मडमेचं आरशाचं मेज विकायला निघालं, आणि इकडून ते घरी आणणं झालं. आरसा फुटलेला, पण खाली सहा खण, आणि लाकूड असं की वर हत्ती उभा करावा. सासूबाईंनी नाक मुरडलं. मडमेच्या मेजात आपलं तूप नि मेतकूट? पण बरण्या ठेवायला घरात जागा नव्हती, हेही खरंच. शेवटी म्हणाल्या, "लाकूड तासलं की शुद्ध होतं. आतून-बाहेरून तासायचं, बोटभर जागा सोडायची नाही. आणि तू उभी राहून करून घे."

सुतार मीच सुचवला. धाकू — माझ्या माहेरचा, खडवलीचा. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. गावची लेक म्हणजे साऱ्या गावाची लेक, असं मानणारा माणूस. आमच्या आळीत त्याला नुकतं कुठे काम मिळू लागलं होतं. एका घरचा पाळणा, दुसरीकडचे पाट.

धाकूने मेज परसात मांडलं. आरशाची चौकट काढून तिथे फळ्या घातल्या, जाळीची दारं बसवली, बाहेरून सगळीकडे रंधा मारला. तीन दिवस मी उन्हात उभी. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, आता खणांचं आतलं. सांधे सोडवाय लागतील. आनखी दोन दीस जातील."

आणि मला उद्या माहेरी जायचं होतं! धाकट्या बहिणीचं केळवण होतं, आणि फडताळ झाल्याखेरीज पाऊल उचलायचं नाही असं सासूबाईंनी बजावलेलं. मग मी काय म्हटलं असेल?

"राहू दे, धाकूदादा. आत कोण बघायला जातंय?"

तो घुटमळला. "आईसाब इचारतील."

"मी सांगेन त्यांना."

सांगितलं ना! आतून-बाहेरून सगळं झालं, असं सांगितलं. सहाही खणांत धुवट धोतराचे तुकडे मीच अंथरले, आणि धाकूच्याच बैलगाडीत बसून माहेरी गेले. चार दिवस मजेत काढले — आठवणसुद्धा झाली नाही, खोटं कशाला बोलू.

वर्ष गेलं. चातुर्मासात सासूबाईंनी ते तुकडे धुवायला काढले, तर खाली मडमेची पावडर सांध्यांत तशीच, आणि मध्यभागी बाटलीच्या बुडाचा तांबडा गोल डाग. अत्तराची होती की कशाची, कोण जाणे. सासूबाईंनी ती दारूचीच धरली. त्या खणात मामंजींच्या श्राद्धाचे तीळ ठेवले होते. नवऱ्याला आपण काय वाढलं, एवढंच म्हणत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या — "तू उभी होतीस ना?"

तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी म्हटलं, "मी बजावलं होतं त्याला. माझी पाठ वळल्यावर लबाडी केली असेल."

धाकूला बोलावणं गेलं. तो परसात उभा राहिला, शेजारपाजारचे गोळा झाले. इकडून विचारणं झालं. धाकूने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे बघत होते.

"चुकलं माजं, आईसाब," तो म्हणाला. "कंटाला केला."

कंटाळा! कंटाळा कोणी केला होता? पण गावच्या लेकीला सासरच्या अंगणात खोटं पाडायचं त्याच्याने झालं नाही. आणि माझ्याने — मला तर नुसतं तोंड उघडायचं होतं.

सासूबाईंनी पंचगव्य घेतलं, चातुर्मासभर एकभुक्त राहिल्या. खण दुसऱ्या सुताराने तासले. धाकूला आमच्या आळीत पुन्हा कोणी बोलावलं नाही. पुढे तो लाकडाच्या वखारीत ओंडके फोडायचा, हे मला माहेरी कळलं. वाटेत भेटला की विचारी, "ताई, सासरी बरं हाय ना?" मी म्हणे, बरं आहे. फडताळाचं त्याने कधी काढलं नाही, मीही नाही. तो गेला, सासूबाई गेल्या.

त्याचं नाव मात्र आमच्या घरात राहिलं. अर्धवट, वरवरच्या कामाला आमच्याकडे 'धाकूचं काम' म्हणतात. माझी मुलं म्हणत आली, आता सुनाही म्हणतात. इतकी वर्षं मी ते ऐकते. कधी कधी मीही म्हटलं आहे.

आज सकाळी नात पाट पुसत होती. सून तिला म्हणाली, "अगं, कोपरे राहिले. धाकूचं काम नको करूस." पोरीने मान वर करून मला विचारलं, "आजी, हा धाकू कोण गं?"

मी फडताळातून तूप काढत होते. घरात आम्ही तिघीच. रागावणारं आता कोणी उरलेलं नाही.

"होता एक लबाड सुतार," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.