भावोजींचं मंजुरीचं बटण

औषधांच्या त्या गोदामात सगळे तिला कुलूपबाई म्हणत. कॉम्प्युटरवर कुणाला काय दिसावं आणि कुणी काय करावं, हे तीच ठरवायची. प्रत्येकाचं प्रोफाइल तिच्या हातचं. मालकांनी गोदामप्रमुखाची खुर्ची तिला कबूल केली होती, आणि ऐन वेळी बसवलं कुणाला, तर तिच्या धाकट्या दिराला! वर घरी जेवताना हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर म्हणतो कसा, "वहिनी, तुमचं काम म्हणजे काय, कुलूप उघडायचं नि लावायचं!" सासूबाईसुद्धा हसल्या. कुलूपबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवा माणूस आला की कुणा जुन्याच्या प्रोफाइलची नक्कल करून द्यायची, ही तिथली रीत. तिने दिराला शिकाऊ कारकुनाची नक्कल दिली. दिसेल सगळं, पण माल बाहेर सोडायचं मंजुरीचं बटण नाही. ते तिने स्वतःकडे घेतलं.

"सिस्टीमचा घोळ आहे, भावोजी. तो सुटेपर्यंत मंजुरी मी देत जाईन."

मग काय, प्रत्येक गाडीसाठी प्रमुखसाहेब तिच्या टेबलाशी हजर. "वहिनी, एवढं मंजूर करा ना." ती मुद्दाम चहा संपवायची, नखं न्याहाळायची. हमाल तोंड फिरवून हसायचे. पोटभर जेवल्यासारखं वाटायचं तिला.

त्या सुखात एका सकाळी तिने स्क्रीनकडे न बघताच बटण दाबलं. दवाखान्यांनी परत पाठवलेली खराब इंजेक्शनं पुन्हा दवाखान्यांकडे निघाली. नशीब, एका नर्सच्या वेळीच लक्षात आलं.

मालक तणतणत आले. "माल सोडला कोणी?"

"माझ्याकडे ते बटणच नाही, साहेब," दीर शांतपणे म्हणाला.

मंजुरी तिच्या नावावर होती. मालकांनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं, आणि जाण्याआधी दिराला सगळे अधिकार द्यायला बसवलं.

मालक गेल्यावर दीर खुर्ची ओढून शेजारी बसला. "घोळ नव्हताच, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, वहिनी. पण प्रत्येक मंजुरीवर नाव तुमचं लागत होतं. मी कशाला तक्रार करू?"

तिने दातओठ खात त्याला एकेक अधिकार दिला. शेवटचा मिळताच त्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचं प्रोफाइल बंद केलं.