चिन्ह तेवढं वेगळं

ब्राउझरवर माझा भारी विश्वास. अंबत्तूरच्या ऑफिसात वेबपानं बनवूनच मी पोट भरत होते, त्यामुळे असेल. माझ्या फोनवर चाललेलं पान दुसऱ्या फोनवरच्या त्याच ब्राउझरमध्ये चालणार नाही, ही शंकासुद्धा मला कधी आली नव्हती.

टाळेबंदीत नणंदेच्या मुलीचं लग्न तंजावरला ठरलं आणि सासूबाई आमच्याकडे वेस्ट मांबलमला अडकल्या. आमच्या सासरच्या तंजावरी मराठी मंडळींत लग्नाला ऊंजल असतं. नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवायचं आणि घरातल्या थोरल्या बाईने लाली, म्हणजे झोपाळ्याचं गाणं, गायची. आमच्या घरची लाली एकट्या सासूबाईंना येत होती. नातीला ती आपल्याच तोंडून ऐकवायची, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

मी म्हटलं, "आई, तुम्ही इथूनच गा. मी त्यासाठी वेबपान बनवते. तिकडे अगदी स्पष्ट ऐकू येईल."

नणंदेबरोबर माझ्या फोनवरून तालीम झकास झाली. सासूबाईंचा फोन मात्र वेगळ्या कंपनीचा, थोरल्या दिरांनी परदेशातून पाठवलेला. त्यावर मी माझाच ब्राउझर घातला. तेच नाव, तेच चिन्ह. मी निर्धास्त झाले.

लग्नाच्या दिवशी सासूबाई रेशमी साडी नेसून खोलीत फोनसमोर बसल्या. आवाज घुमू नये म्हणून मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात. पडद्यावर तंजावरचा झोपाळा हलू लागला. भिंतीपलीकडून मला लाली ऐकू येत होती, लॅपटॉपमधून येत नव्हती. नवरी कॅमेऱ्याकडे बघत होती. नणंद म्हणाली, "आई, गा की!"

मी धावले. सासूबाई डोळे मिटून गात होत्या, कानांनी कमी ऐकणाऱ्या. मी फोनशी झटापट करेपर्यंत तिकडे गुरुजींनी जोडप्याला झोपाळ्यावरून उठवलंही होतं.

संध्याकाळी शोधलं तेव्हा कळलं. त्या फोनवर ब्राउझर कुणाचाही घ्या, आतलं यंत्र त्या कंपनीचंच वापरायची सक्ती. त्यातही वेबपानाला माइक मिळायचा तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये. माझ्या ब्राउझरवर चिन्ह तेवढं वेगळं, बाकी सगळा कंपनीचा कारभार. ब्राउझर घालताना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. केसाने गळा कापला माझा.

सासूबाईंनी गाणं संपवून डोळे उघडले होते, तेव्हा पहिला प्रश्न केला होता, "ऐकूं आलं कीं?" त्या वेळी मी नुसती होकाराची मान हलवली होती. रात्री जेवताना त्यांना सगळं खरं सांगितलं. कंपनी, तिची सक्ती, तिची लबाडी.

त्यांनी पानावरून हात मागे घेतला.

"ती कंपनी कोण, मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "तूं सांगिटलंस, म्हणून मी गायिलें."